कोडात न लिहिलेल्या अटी

सी भाषेतला एखादा प्रोग्रॅम दुसऱ्या भाषेत पोर्ट करायचा म्हटले की काम यांत्रिक वाटते. इकडचे लूप तिकडे लिहायचे, इकडचे फंक्शन तिकडे उतरवायचे, गणित तेच ठेवायचे आणि कंपायलरने काढलेल्या चुका निस्तरायच्या. बऱ्याच प्रोग्रॅमच्या बाबतीत हा समज खपूनही जातो, कारण त्यांचे उत्तर थोडे इकडेतिकडे झाले तरी कुणाला पत्ता लागत नाही. फाइल लहान करणाऱ्या, म्हणजे डेटा कॉम्प्रेस करणाऱ्या प्रोग्रॅमला ही सवलत नाही. त्याचा एक बिट चुकला तर पुढचा सगळा ब्लॉक निकामी होतो. म्हणून पोर्टिंग म्हणजे नेमके काय, हे समजून घ्यायला कॉम्प्रेशनसारखे दुसरे क्षेत्र नाही. या प्रकरणात मला एकच गोष्ट पटवून द्यायची आहे. प्रोग्रॅमचा बराचसा भाग त्याच्या कोडात नसतोच. तो सी भाषा ज्या गोष्टींबद्दल गप्प राहते तिथे असतो, मूळ लेखकाच्या हिशेबात असतो आणि जगभर साठून राहिलेल्या जुन्या फाइलींमध्ये असतो. पोर्ट करणाऱ्याचे खरे काम या न लिहिलेल्या अटी शोधून नव्या कोडात उघडपणे मांडण्याचे आहे. ते काम झाले नाही, तर कोड नवा होतो आणि अटी मात्र मोडतात.

यासाठी बीझिप२ हा प्रोग्रॅम घेऊ. ज्युलियन सीवर्ड यांनी तो १९९६ मध्ये प्रसिद्ध केला. त्याआधीच्या त्यांच्या बीझिपमध्ये अंकगणिती कोडिंग होते. त्या तंत्रावर पेटंटचे सावट असल्यामुळे नव्या आवृत्तीत त्यांनी हफमन कोडिंग घेतले. मुळाशी असलेली कल्पना मायकेल बरोज आणि डेव्हिड व्हीलर यांची. ती १९९४ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या संशोधन केंद्राच्या अहवालातून जगापुढे आली. लिनक्सच्या जवळजवळ प्रत्येक वितरणात बीझिप२ पोहोचलेला आहे. विकिपीडियाच्या सर्व लेखांचे संच डाउनलोडसाठी याच स्वरूपात ठेवलेले असतात आणि मराठी विकिपीडियाही त्याला अपवाद नाही. म्हणजे मराठीतला एक मोठा मुक्त मजकूरसाठा ज्याला उघडायचा आहे, त्याला कुठल्या ना कुठल्या भाषेतला बीझिप२चा अवतार वापरावाच लागतो.

त्याची रीत थोडक्यात पाहू. मजकुराचे जास्तीत जास्त नऊ लाख बाइटचे ब्लॉक पाडले जातात. ब्लॉकमधल्या प्रत्येक जागेपासून पुढचा मजकूर कसा दिसतो हे पाहून सगळ्या जागा वर्णक्रमाने लावल्या जातात, आणि त्या क्रमात प्रत्येक जागेच्या आधीचे अक्षर लिहून काढले जाते. मराठी वर्तमानपत्राचा मजकूर असेल तर ‘हाराष्ट्र’ने सुरू होणाऱ्या सगळ्या जागा एकत्र येतील आणि त्यांच्या आधीचे अक्षर बहुतेक वेळा ‘म’च असेल. प्रत्यक्षात हे सारे बाइटच्या पातळीवर घडते, पण परिणाम हाच: सारखी चिन्हे शेजारी येतात. आश्चर्य असे की या उलथापालथीतून मूळ मजकूर जसाच्या तसा परत मिळवता येतो. पुढच्या पायरीत स्वयंपाकघरातल्या फळीसारखी युक्ती आहे. नुकताच वापरलेला डबा सर्वांत पुढे ठेवायचा, म्हणजे वारंवार लागणाऱ्या डब्याचा क्रमांक नेहमी लहान राहतो. असे लहान आकडे, विशेषतः शून्यांच्या लांब रांगा, आटवून शेवटी हफमन कोष्टकांनी बिटांत बसवले जातात. एका ब्लॉकसाठी दोन ते सहा कोष्टके असतात आणि दर पन्नास चिन्हांसाठी यांपैकी कोणते वापरायचे हे ठरवणारा एक निवडक लिहिला जातो. हा निवडक पुढे एका मोठ्या प्रकरणाला कारण झाला, म्हणून तो लक्षात ठेवावा.

आता पहिली न लिहिलेली अट. बीझिप२च्या स्वरूपाचे मूळ लेखकाने प्रसिद्ध केलेले तपशीलवार प्रमाण वर्णन नाही. झिप आणि जीझिपमागच्या डिफ्लेट या पद्धतीचे वर्णन १९९६ मध्ये आरएफसी १९५१ या नावाने प्रसिद्ध झाले. त्यामुळे सी कोड न उघडताही डिफ्लेट लिहिता येतो. बीझिप२च्या बाबतीत सी कोड हेच प्रमाण आहे. बाकीची वर्णने नंतर इतरांनी कोड वाचून तयार केली. साहजिकच ‘जुना कोड बाजूला ठेवा आणि नियम वाचून पहिल्यापासून लिहा’ हा एरवी चांगला असलेला सल्ला इथे पुरत नाही. नियम काढण्यासाठी तोच कोड वाचावा लागतो आणि वाचताना सतत एक प्रश्न सोडवावा लागतो: ही ओळ स्वरूपाचा भाग आहे की लेखकाची सोय? वर्णक्रम लावण्याचा भाग घ्या. सीवर्ड यांनी दोन वेगळ्या पद्धती लिहिल्या. एक सामान्यतः वेगवान आहे, दुसरी फार पुनरावृत्ती असलेल्या मजकुरात तग धरणारी. पहिली ठरावीक मेहनतीपेक्षा जास्त अडकली की दुसरी काम हाती घेते. पण योग्य क्रम एकच असतो, त्यामुळे कोणत्याही पद्धतीने लावला तरी फाइल बदलत नाही. पोर्ट करणारा इथे पूर्ण मोकळा आहे. उलट, किती कोष्टके घ्यायची हे ठरवणाऱ्या २००, ६००, १२००, २४०० या सीमा आणि कोष्टके सुधारण्याच्या चार फेऱ्या पाहा. त्या बदलल्या तरी तयार होणारी फाइल वैधच राहते, कुठलाही बीझिप२ ती उघडतो, पण बाइट मात्र वेगळे निघतात. ज्यांनी फाइलींचे चेकसम नोंदवून ठेवले आहेत त्यांच्या लेखी हा बदल म्हणजे बिघाड. मूळ प्रोग्रॅमसोबत येणारी चाचणीही हेच मागते. ती तीन नमुना फाइली कॉम्प्रेस करते आणि निकाल आधीपासून ठेवलेल्या फाइलींशी बाइटमागून बाइट ताडून पाहते. उघडणारा भाग आणि बांधणारा भाग यांची जबाबदारी अशी वेगळी आहे. गो भाषेच्या प्रमाण लायब्ररीत बीझिप२ उघडण्याची सोय आहे, बांधण्याची नाही. पोर्टची व्याप्ती आधी ठरवणे किती हिताचे असते, याचे हे चांगले उदाहरण वाटते.

दुसऱ्या प्रकारच्या अटी सी भाषेच्या अंकांमध्ये दडलेल्या आहेत. सीमधला बत्तीस बिटांचा चिन्हरहित पूर्णांक मर्यादेपलीकडे गेला की वरचे बिट गळून पडतात आणि गणित पुढे चालू राहते. बीझिप२ची तपासणी-बेरीज, म्हणजे सीआरसी, पूर्णपणे या गळतीवर उभी आहे. प्रत्येक बाइटला आधीची किंमत आठ बिट डावीकडे सरकते आणि वरचे आठ बिट बाहेर पडतात. पायथनमध्ये पूर्णांकाला मर्यादा नाही. हीच ओळ तिथे जशीच्या तशी लिहिली तर संख्या फुगत जाते, म्हणून प्रत्येक वेळी बत्तीस बिटांचा मुखवटा लावावा लागतो. जावामध्ये बत्तीस बिट आहेत, पण ते चिन्हासहित आहेत. उजवीकडे सरकवण्याची साधी क्रिया वापरली की ऋण चिन्ह सोबत ओढले जाते आणि कोष्टकाचा निर्देशांक ऋण होतो. तिथे तीन बाणांची वेगळी क्रिया लागते. रस्टमध्ये चाचणीसाठी केलेल्या बांधणीत बेरीज मर्यादेबाहेर गेली तर प्रोग्रॅम थांबतो. गळती हवी असेल तर ती हवी आहे असे स्पष्ट लिहावे लागते. सीच्या कोडात हेतुपुरस्सर केलेली गळती आणि चुकून झालेली गळती एकसारखीच दिसते. रस्टच्या चाचणी-बांधणीत बेरजेतली गळती वेगळी लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. माझ्या मते पोर्टचा मोठा लाभ इथेच आहे, आणि तो वेगात किंवा ओळींच्या संख्येत मोजता येणार नाही.

याच संदर्भात मराठी वाचकाने जाणून घ्यावी अशी एक गोष्ट आहे. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षरांचे बाइट १२८च्या आत बसतात. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि हे तीनही बाइट १२८ किंवा त्याहून मोठे असतात. ‘म’ म्हणजे २२४, १६४, १७४. जावामधला बाइट उणे १२८ ते १२७ एवढाच असतो, म्हणून तिथे २२४चा अर्थ उणे ३२ होतो. तो अ‍ॅरेच्या निर्देशांकात वापरण्याआधी शून्य ते २५५ या पट्ट्यात आणला नाही तर प्रोग्रॅम कोलमडतो किंवा चुकीचे उत्तर देतो. केवळ इंग्रजी मजकुरावर तपासलेल्या पोर्टमध्ये ही चूक खुशाल लपून राहते. मराठी मजकुराच्या पहिल्याच अक्षराला ती उघडी पडते. सीमध्येसुद्धा ‘चार’ हा प्रकार चिन्हासहित की चिन्हरहित हे भाषा ठरवत नाही, ते यंत्र आणि कंपायलरवर सोडलेले आहे. म्हणूनच सीवर्ड यांनी स्वतःचे चिन्हरहित प्रकार आधीच ठरवून घेतले. या काळजीमागचे कारण कोडात कुठेही लिहिलेले नाही. ते ज्याच्या ध्यानात येत नाही, तो नव्या भाषेत पुन्हा त्याच खड्ड्यात पडतो.

सीआरसीची कथा इथेच संपत नाही. बीझिप२ आणि जीझिप दोघेही एकच बहुपदी वापरतात, त्यामुळे प्रत्येक भाषेत तयार मिळणारे सीआरसी-३२चे फंक्शन इथेही चालेल असे वाटते. ते चालत नाही. जीझिप प्रत्येक बाइटमधले बिट खालच्या टोकाकडून घेतो, बीझिप२ वरच्या टोकाकडून. नाव तेच, लांबी तीच, उत्तर निराळे. त्यातून प्रत्येक ब्लॉकची बेरीज आणि साऱ्या फाइलची बेरीज वेगळी. दुसरी काढताना आधीची किंमत एक बिट गोल फिरवून तिच्यात नव्या ब्लॉकची बेरीज मिसळली जाते. सुदैवाने ही चूक लपून राहत नाही, पहिल्याच फाइलला तपासणी नापास होते. पोर्टमध्ये लगेच उघडे पडणारे दोष त्रासदायक असतात, पण घातक नसतात. घातक असतात ते वर्षानुवर्षे गप्प राहणारे.

बीझिप२चा उघडणारा भाग वाचताना सगळ्यांत जास्त दमछाक त्याच्या रचनेमुळे होते. लायब्ररीला डेटा तुकड्यातुकड्यांनी मिळतो. नेटवर्कवरून कधी चार हजार बाइट येतील, कधी एकच. तेव्हा हफमन कोष्टक वाचता वाचता अर्ध्यात डेटा संपला तर फंक्शनने परत जायचे आणि पुढचा तुकडा आला की नेमक्या त्याच ठिकाणी काम पुन्हा सुरू करायचे, हे अपेक्षित आहे. सीवर्ड यांनी हे सीच्या एका विलक्षण मुभेतून साधले. सीमध्ये ‘स्विच’ची ‘केस’ खूण एखाद्या लूपच्या पोटातसुद्धा ठेवता येते. म्हणून बिट वाचणाऱ्या मॅक्रोतच एक ‘केस’ दडवली आहे. प्रत्येक वाचन हा एक थांबा होतो आणि परत आल्यावर थेट दोन-तीन लूपच्या आत उडी मारता येते. थांबताना सगळे स्थानिक चल एका रचनेत जपून ठेवले जातात, परतताना ते बाहेर काढले जातात. सीमध्ये हे अत्यंत आटोपशीर आहे. जावा, गो, पायथन, रस्ट यांपैकी कोणतीही भाषा लूपच्या मध्यात अशी उडी मारू देत नाही. मग पोर्ट करणाऱ्याला त्या मॅक्रोंचा अर्थ उलगडावा लागतो: किती अवस्था आहेत, कोणत्या अवस्थेतून कुठे जाता येते, कोणत्या चलाची किंमत थांब्यापलीकडे लागते आणि कोणत्या चलाची लागत नाही. जपलेल्या चलांपैकी प्रत्येकाची खरोखर गरज आहे का, हा प्रश्न सी कोडात विचारावाच लागत नाही. नव्या भाषेत तो टाळता येत नाही.

मेमरीच्या बाबतीत तर मूळ कोड अक्षरशः कसरत करतो. नव्वदच्या दशकात मेमरी महाग होती, आणि नऊ लाखांच्या ब्लॉकला कॉम्प्रेशनसाठी साडेसात मेगाबाइटच्या आसपास जागा लागत होती. म्हणून एकच जागा वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कामांना वापरली आहे. एका अ‍ॅरेत आधी वर्णक्रमाचे चार बाइटी निर्देशांक असतात. पुढच्या पायरीत त्याच अ‍ॅरेत, त्याच जागेवर, दोन बाइटी नवे आकडे लिहिले जातात. वाचायचे बाकी असलेले निर्देशांक त्यामुळे पुसले जात नाहीत, कारण नव्या आकड्यांची संख्या मूळ बाइटांपेक्षा कधीही जास्त होत नाही आणि लिहिणे नेहमी वाचण्याच्या मागे राहते. दुसऱ्या अ‍ॅरेत मूळ मजकूर असतो आणि त्याच्यापुढच्या मोकळ्या जागेत अंतिम बिट रचले जातात. वर सांगितलेली दुसरी वर्णक्रम पद्धत तर हा मूळ मजकूरच पुसून त्या जागेत स्वतःचे आकडे ठेवते आणि काम संपल्यावर त्या आकड्यांवरून मजकूर पुन्हा तयार करून देते. सीवर्ड यांच्या मोठेपणाची गोष्ट ही की यातल्या बऱ्याच गोष्टी त्यांनी टिपांमध्ये लिहून ठेवल्या. पण टीप ही फक्त वाचणाऱ्याला बांधते, कंपायलरला नाही. रस्टसारख्या भाषेत एकाच जागेकडे एकाच वेळी दोन निराळ्या प्रकारांनी बघून तिच्यात लिहिता येत नाही. तिथे दोन वाटा उरतात. एक म्हणजे कंपायलरची तपासणी सैल करणाऱ्या ‘अनसेफ’ खुणेच्या आड तीच कसरत चालू ठेवणे, दुसरी म्हणजे वेगळा अ‍ॅरे घेणे. दोन बाइटी आकड्यांसाठी स्वतंत्र जागा घेतली तर ब्लॉकमागे १.८ मेगाबाइट जास्त लागतात. १९९६ मध्ये हा खर्च परवडणारा नव्हता. आजच्या साध्या संगणकावर तो जाणवतही नाही. जिथे काटकसरीचे कारणच उरलेले नाही, तिथे तिची गुंतागुंत सांभाळत बसू नये. छोट्या उपकरणांसाठी पोर्ट करणाऱ्याने मात्र याच्या उलट निर्णय घ्यावा, आणि तो लिहून ठेवावा.

तिसऱ्या प्रकारच्या अटी फाइलींमध्ये आहेत. फार जुन्या आवृत्त्या पुनरावृत्तीचा त्रास टाळण्यासाठी ब्लॉकमधले काही बाइट एका ठरीव ५१२ आकड्यांच्या कोष्टकानुसार बिघडवून ठेवत. ०.९.५ पासून हे बंद झाले, तरी जुन्या फाइली उघडता याव्यात म्हणून ते कोष्टक अजून कोडात आहे. ग्नोम या डेस्कटॉप प्रकल्पाच्या संस्थापकांपैकी एक असलेले फेदेरिको मेना क्विंतेरो यांनी २०१९ मध्ये बीझिप२चा एकेक भाग रस्टमध्ये न्यायला सुरुवात केली, तेव्हा सुरुवातीच्या भागांत हेच कोष्टक होते. तसेच सुरुवातीच्या एका पायरीचे. सलग चार सारखे बाइट आले की पुढे किती येतात ते मोजून लिहायचे ही पायरी मुळात अनावश्यक होती, असे सीवर्ड यांनी आपल्या माहितीपुस्तिकेत स्वतःच नोंदवले आहे. तरी ती काढता येत नाही, कारण जगातली प्रत्येक बीझिप२ फाइल तिच्यातून गेलेली आहे. हफमन कोडची लांबी बांधताना १.०.३ पासून १७ बिटांपर्यंत आणली गेली, पण उघडताना २० बिटांचे कोड स्वीकारावेच लागतात. नव्या फाइलींवरच तपासलेला पोर्ट इथे जुन्या फाइलीवर अडखळतो. आणखी एक उदाहरण अनेक फाइली एकामागून एक जोडण्याचे. बीझिप२ची कमांड असा जोड पूर्ण उघडते, पण पुढचा तुकडा सुरू करणारे लूप लायब्ररीत नाही, कमांडच्या कोडात आहे. ज्यांनी फक्त लायब्ररी पोर्ट केली त्यांच्या हातून ते सुटले. जावामध्ये अपाचेच्या कॉम्प्रेस लायब्ररीत जोडफाइल पूर्ण वाचण्यासाठी वेगळा पर्याय द्यावा लागतो. पायथनच्या फाइल वाचकाला ही क्षमता ३.३ मध्ये मिळाली. विकिपीडियाचे संच आज बहुप्रवाही रूपातही मिळतात, ज्यात अशा शेकडो जोडण्या असतात. पहिला प्रवाह वाचून शांतपणे थांबणारा वाचक कसलीही चूक न दाखवता बाकी सगळे लेख गमावतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. इतके बारकावे असताना कित्येक वर्षे चाललेल्या कोडाला हात लावायचाच कशाला? जे टिकले ते तपासले गेले, असे हा आक्षेप म्हणतो. याचे उत्तर त्या निवडकांच्या प्रकरणात आहे. नऊ लाखांच्या ब्लॉकला दर पन्नासला एक याप्रमाणे अठरा हजार निवडक लागतात. दोन जास्तीचे धरून मूळ कोडात १८,००२ ची जागा आहे. पण फाइलमध्ये ही संख्या पंधरा बिटांत लिहिलेली असते, म्हणजे ती ३२,७६७ पर्यंत जाऊ शकते. ती जागेत बसते का, हे १.०.६ पर्यंत कुणी तपासतच नव्हते. मुद्दाम रचलेली फाइल अ‍ॅरेपलीकडच्या मेमरीत लिहू शकत होती. २०१९ मध्ये या दोषाला सीव्हीई-२०१९-१२९०० हा क्रमांक मिळाला आणि जूनमध्ये १.०.७ ही आवृत्ती निघाली. तिने १८,००२ हून जास्त निवडक असलेली फाइल सरळ नाकारली. लगेच कळले की एलबीझिप२ हा समांतर चालणारा प्रोग्रॅम निवडकांची संख्या वर नेऊन पूर्ण करतो, त्यामुळे त्याच्या काही प्रामाणिक फाइलीही नाकारल्या जाऊ लागल्या. जुलैमध्ये १.०.८ आली: जास्तीचे निवडक वाचायचे, पण साठवायचे नाहीत. काळाने कोड तपासला गेला हे खरे, पण फक्त प्रामाणिक फाइलींनी. आणि या चुकीला निष्काळजीपणा म्हणता येत नाही, कारण मेमरीतल्या अशाच चुका शोधणारे व्हॅलग्रिंड हे जगप्रसिद्ध साधन याच सीवर्ड यांनी उभे केले. असा माणूसही जी अट एका ठिकाणी लिहायची विसरू शकतो, ती अट माणसाच्या सावधपणावर न सोडता भाषेने सांभाळावी, यापेक्षा ठोस कारण पोर्टसाठी मला तरी दिसत नाही.

मग दुसरा आक्षेप: पोर्टमध्ये नवे दोष शिरतीलच की. हो, शिरतात. नेदरलँड्समधल्या ट्रायफेक्टा टेक फाउंडेशनने बीझिप२चा रस्टमधला पूर्ण पोर्ट केला आणि जून २०२५ मध्ये रस्टच्या प्रचलित बीझिप२ पॅकेजने सी कोड सोडून तो आपोआप वापरला जाणारा पर्याय म्हणून स्वीकारला. त्या पोर्टची बाहेरच्या संस्थेकडून सुरक्षा तपासणी झाली, तेव्हा एका आकड्याने चुकलेल्या मोजणीचा एक दोष सापडलाच. फरक परिणामात आहे. रस्टच्या सुरक्षित भागात अ‍ॅरेबाहेरचा निर्देशांक आला तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो, शेजारची मेमरी पुसत नाही. थांबणे हेही नुकसान आहे, सर्व्हरवर तर मोठेच. पण थांबलेला प्रोग्रॅम दिसतो. शिवाय जुना सी कोड पोर्ट झाल्यावर निरुपयोगी ठरत नाही, तो साक्षीदार होतो. दोन्ही प्रोग्रॅमना लाखो चित्रविचित्र फाइली द्यायच्या आणि निकालच नव्हे, चूक सांगणारे क्रमांकही जुळतात का ते पाहायचे. न लिहिलेली अट शोधण्याचा यापेक्षा चांगला मार्ग मला माहीत नाही. जिथे दोघे वेगळे वागतात तिथे एक अट लिहायची राहिलेली असते, मग ती तुमच्याकडून असो की मूळ लेखकाकडून.

तिसरा आक्षेप अलीकडचा आहे. सी-टू-रस्टसारखी साधने सी कोड आपोआप रस्टमध्ये उतरवतात, मग माणसाने अर्थ लावत कशाला बसायचे? ट्रायफेक्टाच्या पोर्टची सुरुवातही याच साधनाने झाली. पण साधन उतरवते ते कोडातले, कोडाबाहेरचे नाही. त्याच्या उतरवणीत कच्चे पॉइंटर तसेच राहतात, सगळी फंक्शने ‘अनसेफ’ असतात, आणि लूपच्या पोटातल्या उड्या क्रमांकांच्या एका मोठ्या जंजाळात बदलतात. म्हणजे सीची सगळी जोखीम, आणि वाचायला सीपेक्षा अवघड. तरी मी या पायरीला कमी लेखणार नाही. ती पहिल्या दिवसापासून चालणारा, मूळ चाचण्या उत्तीर्ण होणारा प्रोग्रॅम हातात देते, आणि मग एकेक फंक्शन सुरक्षित करत प्रत्येक वेळी ताडून पाहता येते. गुगलच्या झॉप्फ्ली या कॉम्प्रेसरचा रस्ट पोर्ट कॅरॉल निकोल्स यांनी हाताने केला, तोही असाच फंक्शनामागून फंक्शन, मधल्या काळात सी आणि रस्ट एकत्र जोडून. दोन्ही वाटांत शिस्त एकच आहे: आधी वागणूक तशीच ठेवायची, सौंदर्य नंतर. पोर्ट करता करता सुधारणाही करण्याचा मोह आवरला नाही, तर फरक दिसला की तो चुकीचा की सुधारणेचा हे सांगता येत नाही.

वेगाचा आक्षेप मी शेवटी घेतला, कारण त्याला सगळ्यांना लागू पडेल असे एकच उत्तर नाही. शुद्ध पायथनमध्ये बिटबिट वाचणारा बीझिप२ शिकण्यासाठी उत्तम आहे, रोजच्या वापरासाठी नाही. पायथनसुद्धा आपल्या प्रमाण लायब्ररीत सीमधलाच बीझिप२ वापरते. रस्टच्या बाबतीत विकसकांनी स्वतः प्रसिद्ध केलेल्या मोजमापांत कॉम्प्रेशन सुमारे १० ते १५ टक्के आणि उघडणे साधारण ५ ते १० टक्के जलद झालेले दिसते. सीमा तपासूनही वेग वाढावा हे विचित्र वाटेल, पण त्यात नवल नाही. अ‍ॅरेची लांबी आधीच एका ठिकाणी तपासून सांगितली की कंपायलर आतल्या लूपमधली तपासणी काढून टाकतो, आणि दोन पॉइंटर एकाच जागेकडे पाहत नाहीत ही हमी त्याला रस्टमध्ये भाषेकडूनच मिळते. सीमध्ये तीच गोष्ट प्रोग्रॅमरच्या मनात असते, कंपायलरला ती कळत नाही, म्हणून तो सावधपणे हळू कोड बनवतो. म्हणजे लिहून काढलेली अट इथे सुरक्षिततेबरोबर वेगही देते.

राहतो तो सीमेचा प्रश्न. हजारो जुने सी प्रोग्रॅम बीझिप२ची लायब्ररी ज्या फंक्शनांतून वापरतात, तीच फंक्शने नव्या पोर्टला द्यावी लागतात. तिथे बाहेरून कच्चे पॉइंटर येणार आणि त्यांच्यावर विश्वास ठेवावा लागणार. बाइटांची एकूण संख्यासुद्धा दोन बत्तीस बिटी तुकड्यांत द्यावी लागते, कारण त्या काळी चौसष्ट बिटांचा पूर्णांक सगळीकडे असेल याची खात्री नव्हती. मूळ लायब्ररीला आतली विसंगती सापडली तर ती संदेश छापून संपूर्ण प्रोग्रॅमच बंद करते. हे वर्तन तसेच ठेवायचे की चूक सांगणारा क्रमांक परत करायचा, हे कुठलेही साधन ठरवू शकत नाही. माझ्या मते इथे मूळ वर्तन सोडावे. आपल्याला वापरणाऱ्या प्रोग्रॅमचा प्रवाह तोडण्याचा अधिकार लायब्ररीला नसावा. पण असे ठरवणाऱ्याने सीमेवरची ‘अनसेफ’ फंक्शने मोजकी ठेवावीत आणि प्रत्येकाच्या डोक्यावर दोन गोष्टी लिहाव्यात: बोलावणाऱ्याने काय सांभाळायचे आहे, आणि मूळ बीझिप२पेक्षा आपण कुठे वेगळे वागतो.